पऱ्हाटीची / केळीच्या खांबाची पावडर एलडीत मिसळून फिल्म काढायची आहे, कुणी केलंय का?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यात आमचं छोटं युनिट आहे, नर्सरीच्या काळ्या पिशव्या काढतो. एकच ब्लोन फिल्म मशीन (वितळलेल्या प्लास्टिकचा हवेने फुगा काढून फिल्म करणारं), ४५ मिमीचा स्क्रू, एलडी आणि एलएलडी (पॉलिथिलीनचे दोन प्रकार) मिक्स, १५० पासून ३०० गेजपर्यंतचा माल, खाली बॉटम सील आणि पंचिंग.

आता विषय असा की आमच्याकडे केळी आणि कापूस याशिवाय फारसं काही दिसतच नाही. घड कापला की खांब बांधावर टाकून देतात, आणि उन्हाळा लागायच्या आत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून पेटवतात, संध्याकाळी सगळ्या शिवारात धूर. माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतंय की हाच माल वाळवून दळून एलडीत मिसळला तर दाण्याचा खर्च पण वाचेल, जाळणं पण थांबेल आणि रोप लावताना पिशवी मातीत राहिली तरी कुजून जाईल. मध्यंतरी एक सप्लायर तयार 'बायो फिलर' मास्टरबॅच (पावडर आधीच दाट मिसळलेला प्लास्टिकचा दाणा) घेऊन आला होता, म्हणाला २० टक्के टाका, सहा महिन्यात पिशवी मातीत मिसळते. सॅम्पल तपकिरी होतं, हाताला खरखरीत, दिसायला चांगलं. चाचणीचा कागद मागितला तर टाळाटाळ केली म्हणून घेतलं नाही.

तर मला कुणीतरी नीट सांगा, मेश (चाळणीचा बारीकपणा) किती लागतो, किती टक्क्यापर्यंत जाता येतं, माझ्याच मशीनवर चालेल का, आणि मुख्य म्हणजे कुजतं का.

दाणेवाला

भाऊ, मी कंपाउंडिंगमध्ये आहे, म्हणजे ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूच्या मिसळायच्या मशीनवर) लाकडाचा भुसा, तूस, असला माल पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि एचडीत (कडक पॉलिथिलीन) मारून देतो, पण तो सगळा जाड वस्तूंना जातो, दरवाजाच्या पट्ट्या, डेकिंग, कुंड्या. फिल्मचा हिशोब एकदम वेगळा आहे आणि तिथेच बहुतेक लोक अडकतात.

१०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन, तुम्हाला माहीतच आहे, म्हणजे तुमची २०० गेजची पिशवी ५० मायक्रॉन. आता साधी चक्की १०० मेशची पावडर देते म्हणतात, त्या चाळणीचं भोक जवळजवळ १५० मायक्रॉन असतं. म्हणजे कण तुमच्या फिल्मच्या तिप्पट जाड. २०० मेश घेतलं तरी ७५. ३२५ मेशला ४४, आणि ५०० मेशला जाऊन कुठे २५ मायक्रॉन येतो. आणि हे पण पूर्ण खरं नाही, कारण धाग्याचा तुकडा काडीसारखा लांब असतो, तो चाळणीतून उभा निसटतो, म्हणजे ३२५ मधून गाळलेल्या मालात पण शंभर दीडशे मायक्रॉन लांबीचे कण सापडतात. मी माझ्यापुरता नियम असा ठेवलाय की कण फिल्मच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको, आणि त्याच्यावरचा एक पण मोठा कण नको, सरासरी मेश सांगून उपयोग नाही.

मोठा कण आला की काय होतं ते ब्लोन लाईनवर उभं राहून बघा. डायच्या ओठातून वितळलेला माल वर ओढला जातोय, फुगा छान उभा आहे, आणि मग एका जागी तपकिरी ठिपका येतो, त्याच्या खाली वर फिल्म ताणली जाते पण ठिपका ताणला जात नाही, त्याच्या दोन्ही बाजूला डोळ्याच्या आकाराची पोकळी उघडते, ती फुग्याबरोबर रुंद होत जाते, आणि फ्रॉस्ट लाईन (फिल्म थिजते ती रेषा) यायच्या आधी फट् करून हवा जाते. परत फुगा धरा, परत रोलर चढवा, परत तेच. शिवाय डायच्या ओठावर काळपट चिकटा साठायला लागतो, तो मधेच सुटून फिल्मवर रेघ मारतो, आणि मागे जाळी चोक होऊन प्रेशर चढतं ते वेगळंच.

तर उत्तर असं, तुमच्या मशीनवर थेट पावडर टाकून चालणार नाही. सिंगल स्क्रूमध्ये ती नीट पसरत पण नाही, बेसनात एकदम पाणी ओतल्यावर गाठी होतात तशा गाठी होतात. आधी ट्विन स्क्रूवर ३० ते ४० टक्क्याचं मास्टरबॅच करून घ्यायचं, व्हॅक्यूम व्हेंट असलेल्या मशीनवर, आणि मग ते तुमच्याकडे एलडीबरोबर पातळ करायचं.

गिरणाकाठ

हे कुणी इतकं सविस्तर सांगितलं नव्हतं, आभारी आहे. ३२५ मेश आमच्याकडे कुणी दळून देत नाही, मसाल्याच्या पल्व्हरायझरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला केळीचा धागा दळलाच जात नाही, जाळीवर लोळा होऊन बसतो. पऱ्हाटी मात्र चांगली फुटते म्हणे.

सुमेधा पॉलिमर

तो बरोबर सांगतोय आणि त्यामागे कारण आहे. केळीच्या धाग्यात सेल्युलोज भरपूर, लिग्निन कमी, म्हणजे धागा चिवट आणि लवचिक, तो तुटायच्या ऐवजी वाकतो. पऱ्हाटी रचनेने लाकडाच्या जवळची आहे, लिग्निन जास्त, ठिसूळ, हॅमर मिलमध्ये फुटते.

पण मला त्याच्याही आधीचा प्रश्न पडतो. केळीचा लांब धागा काढून परत त्याची पावडर का करायची? धाग्याची खरी किंमत त्याच्या लांबीत आहे. कंपोझिटमध्ये धागा ताकद देतो ती लांबी आणि जाडीच्या गुणोत्तरामुळे, प्लास्टिकवरचा ताण धाग्याच्या कडेने धाग्यात उतरतो आणि त्यासाठी कडा पुरेशी लांब लागते. दळून ३० मायक्रॉनचा कण केला की तो निव्वळ फिलर झाला, त्याच्यात आणि कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ताकदीच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. चांगला धागा दोऱ्या, चटया, कागद, कापडाकडे जाऊ दे. पावडर करायचीच असेल तर धागा काढताना मशीनखाली जो गाळ आणि लगदा पडतो तो घ्या, किंवा पऱ्हाटी घ्या.

दुसरं, चिकटण्याचं. सेल्युलोजच्या अंगावर सगळीकडे हायड्रॉक्सिल गट, म्हणजे पाण्याची ओढ. पॉलिथिलीन पाण्याला उभं करत नाही. दोघांना नुसतं गरम करून एकत्र घोटलं तरी कण प्लास्टिकमध्ये सुटा बसतो, जोराने ओढलं की भोवतीचं प्लास्टिक सोडून देतो, वर दाणेवाल्यांनी डोळ्यासारखी पोकळी म्हटलं ती याचीच. त्यासाठी मलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिलीन २ ते ५ टक्के टाकतात, त्याचं एक टोक सेल्युलोजला धरतं आणि साखळी एलडीत मिसळते. एक गोष्ट लक्षात ठेवा, घसरायला म्हणून झिंक स्टिअरेट टाकायची बऱ्याच ठिकाणी सवय असते, ते मलेइकच्या कामात अडथळा आणतं. दोन्ही एकत्र टाकून मग कपलिंग एजंट (मलेइकसारखा जोडणारा माल) चालत नाही असं म्हणू नका.

तापमानाचं तर तुमच्या बाजूने आहे. हेमिसेल्युलोज २०० ते २२० अंशाच्या पुढे तुटायला लागतं, रंग काळपट होतो, जळक्या गुळाचा वास येतो. एलडी ११० च्या आसपास वितळतं, १६० ते १८० मध्ये काम होतं. म्हणून एलडी, एचडी, पीपी, पीएलए (वनस्पतीपासूनचं कुजणारं प्लास्टिक) या सगळ्यात नैसर्गिक धागा चालतो आणि पेटमध्ये (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) अजिबात चालत नाही, तिथे २५० च्या वर जावं लागतं.

कोकणातला

आमच्याकडे नारळाची करवंटी दळून देणारे आहेत, ती पावडर गच्च, जड, जवळजवळ वाळूसारखी वाहते, फीडरमध्ये अडकत नाही. मच्छर कॉइल आणि प्लायवूडच्या गोंदात जाते. फिल्मवाल्यांनी तिचा विचार करावा, लांबट कण कमी असतात. सोडणाच्या (नारळावरच्या काथ्याच्या) भुशाच्या नादी मात्र लागू नका, तो पाणी इतकं धरतो की वाळवता वाळवता वीजबिल येईल. आणि भाताच्या तुसाबद्दल एक सांगून ठेवतो, तुसात सिलिका असतो, जाळला तर साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि ती बहुतेक सगळी सिलिकाच, त्याने स्क्रू आणि बॅरल घासून जातात. स्वस्त मिळतो म्हणून घेतात आणि मग स्क्रू बदलायची वेळ येते.

दाणेवाला

तुसाचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे त्याच्यासाठी बायमेटॅलिक (आतून कठीण धातूचा थर असलेला) बॅरल ठेवलाय.

पाण्याचं पण सांगायचं राहिलंच वरती. वाळलेली दिसते ती पावडर सुद्धा पावसाळ्यात ८ ते १२ टक्के पाणी धरून असते. एक ग्रॅम पाण्याची दीड लिटरच्या वर वाफ होते, ती वाफ बॅरलमध्ये दाबाखाली गप्प बसते आणि डायच्या बाहेर आल्या आल्या फुटते. म्हणून कंपाउंडिंगच्या आधी १०० अंशाच्या आसपास वाळवून पाणी १ टक्क्याच्या खाली, जमलं तर अर्ध्याच्या खाली आणायचं, आणि ड्रायरमधून काढल्यावर गोणीत ओतून रात्रभर ठेवायचं नाही, सरळ हॉपरला. मास्टरबॅच झालेला दाणा पण पाणी ओढतो, कापलेल्या टोकाला धागा उघडा असतो ना. वापरायच्या दिवशी परत दोन तीन तास वाळवा. हे एवढं पाळलं तरी निम्म्या तक्रारी जातात.

वाईकर शेती

मी शेतकरी माणूस, मशीनचं कळत नाही, पण मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायची प्लास्टिक फिल्म) वापरतो म्हणून बोलतो. स्ट्रॉबेरीला २५ मायक्रॉनचा पेपर घालतो, चार फुटी, ४०० मीटरचा रोल. पीक निघालं की तो काढायचा म्हणजे जीव नकोसा होतो. उन्हाने कडा ठिसूळ झालेल्या असतात, ओढला की फाटतो, मातीत गाडलेली बाजू तशीच राहते, पुढच्या नांगरटीला चिंध्या वर येतात, ओढ्यात जातात, जनावरं खातात. मजूर लावून वेचायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात नवीन रोल येतो अशी अवस्था. कुजणारा पेपर कुणी खरंच काढला तर आम्ही जास्त पैसे देऊ. पण फक्त तुकडे होणारा नको. तुकडे तर आत्ताच्याचे पण होतात.

सुमेधा पॉलिमर

तुमचं शेवटचं वाक्य या सगळ्या चर्चेचा गाभा आहे आणि गिरणाकाठ यांच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एलडीत पऱ्हाटीची पावडर घातली म्हणून एलडी कुजत नाही. कुजते ती पावडर, आणि ती सुद्धा बुरशी आणि जिवाणू तिच्यापर्यंत पोचले तरच. आता २० टक्के पावडर टाकली असं धरा. हे २० टक्के वजनाने झाले. धाग्याच्या पेशीभिंतीची घनता १.४ च्या आसपास आणि एलडीची ०.९२, म्हणजे आकारमानाने ती पावडर फक्त १४ टक्के जागा व्यापते. प्रत्येक कण चहूबाजूने प्लास्टिकने वेढलेला, शेजारच्या कणाला टेकलेला नाही. पृष्ठभागावरचे थोडे कण कुजतील, तिथे खड्डे पडतील, आतले वर्षानुवर्षं तसेच राहतील. कण एकमेकांना टेकून आरपार साखळी तयार व्हायला आकारमानाने साधारण ३० टक्के लागतात, म्हणजे वजनाने ४० टक्के. आणि ४० टक्के पावडर घालून ५० मायक्रॉनचा फुगा उभा करून दाखवणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. समजा उभा केला, आणि समजा सगळी पावडर कुजली, तरी मागे उरतं काय? भोकाभोकांचं एलडी. ते हाताने चुरतं, मातीत मिसळलेलं दिसतं, डोळ्याला कुजल्यासारखं वाटतं. एलडीची साखळी तशीच असते, फक्त आता ती वेचता येत नाही.

हे आजचं नाही. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये ग्रिफिन नावाच्या संशोधकाने पॉलिथिलीनमध्ये स्टार्च मिसळायचं पेटंट घेतलं, त्याच्या पिशव्या निघाल्या, मागोमाग १९८० च्या दशकात अमेरिकेत 'डिग्रेडेबल' पिशव्यांची लाट आली. मग लोकांनी तपासायला सुरुवात केली की स्टार्च गेल्यावर पॉलिथिलीनचं काय होतं, आणि त्या वादातूनच पुढे कुजण्याची मोजमापं आली. आपल्याकडे आत्ता लागू असलेलं आयएस/आयएसओ १७०८८ त्याच वंशातलं. त्यात तुकडे होणं ही एक चाचणी आहे, ८४ दिवसांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यापेक्षा जास्त उरायला नको. पण तेवढ्याने पास होत नाही. त्यातल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला पाहिजे, तो पण १८० दिवसांच्या आत, ५८ अंशाच्या कंपोस्टमध्ये. ८० टक्के एलडी असलेली कुठलीही पिशवी तिथे नापास होणार. त्या सप्लायरने कागद का दाखवला नाही ते यावरून कळेल.

कापूसकोंड्या

यवतमाळकडून बोलतो. ताई, तुमचं शास्त्र मान्य आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. कुजत नसेल तर नसेल, पण २० टक्के पावडर टाकली म्हणजे २० टक्के प्लास्टिक कमी लागलं ना? आणि पऱ्हाटी जाळण्यापेक्षा पिशवीत गेलेली काय वाईट? आमच्याकडे पऱ्हाटी शेतात उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा होतो, म्हणून काढावीच लागते, काढून बांधावर रचली तरी तेच. तिला गिऱ्हाईक पाहिजे. मुंबईच्या माटुंग्याच्या सिरकॉटने (कापूस संशोधन संस्था) पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड फार आधीपासून करून दाखवलेत, ब्रिकेट आणि पेलेट करणारे आता बरेच झालेत, पण माल एवढा निघतो की अजून दहा उपयोग सापडले तरी पुरणार नाही. शेतकऱ्याला पेंढीमागे दोन पैसे मिळाले तर तो पेटवणार नाही, एवढं साधं आहे.

भंगार ते दाणा

कापूसकोंड्या भाऊ, मी दुसऱ्या टोकाला बसतो, नाशिकला रिप्रोसेसिंग करतो, जुन्या फिल्मचा दाणा. म्हणून त्या २० टक्के वाचलेल्या प्लास्टिकचं पुढे काय होतं ते मी सांगू शकतो.

आमच्याकडे माल येतो तो आधी पाण्याच्या हौदात टाकतो. एलडी, एचडी तरंगतं, माती, खडे, पीव्हीसी, पेट खाली बसतं. सगळा धंदा त्या तरंगण्यावर आहे. आता सुमेधाताईंनी दिलेली घनता घेऊन हिशोब करून बघा, २० टक्के पावडरची फिल्म ०.९९ ला येते, म्हणजे जेमतेम तरंगते, ३० टक्क्याला १.०२ होते आणि मातीबरोबर बुडते. बुडलेला गाळ आम्ही डंपिंगला देतो. आणि जी तरंगली ती चांगल्या एलडीत मिसळून एक्स्ट्रूडरला गेली तर पाणी धरून आलेली असते, दाण्यात फोड, वास, जाळी चोक, सगळा घाण माल. साधी एलडी पिशवी निदान चार पाच वेळा फिरते. तुमची तपकिरी पिशवी एकदा वापरून संपते. म्हणजे २० टक्के वाचवायला जाऊन उरलेलं ८० टक्के कायमचं घालवलं.

पऱ्हाटी जाळू नये हे मला पण पटतं. पण तिची जागा पातळ एलडी फिल्ममध्ये नाही.

कापूसकोंड्या

हे हौदाचं मला माहीत नव्हतं. मग जागा कुठे आहे ते पण सांगा, नाहीतर उद्या परत काडी लागणारच.

दाणेवाला

जागा आहे, दोन आहेत.

पहिली, जाड माल. दोन तीन मिलिमीटर जाडीचं काही असलं की वर मी मेशचं जे पुराण लावलं ते सगळं गळून पडतं, ४० ते ६० मेशचा भुसा चालतो, ४०-५० टक्क्यापर्यंत भरता येतो, कडकपणा उलट वाढतो. परदेशात हे जुनं आहे. फोर्डने २०१० च्या फ्लेक्स गाडीत गव्हाच्या काडाने भरलेल्या पीपीचे कप्पे घातले होते. बेकलाइट निघालं तेव्हापासून त्यात लाकडाचा भुसा भरतात. पूर्व जर्मनीच्या ट्राबंट गाडीची बॉडी म्हणजे कापसाचा टाकाऊ धागा आणि फिनॉलिक रेझिन. आपल्याकडे कुंड्या, रोपांचे क्रेट, पॅलेट, केबलच्या रिळी, असल्या दहा वर्षं टिकणाऱ्या वस्तूत पऱ्हाटी घाला, तिथे कुजणं नकोच असतं आणि वस्तू एकसारखी असल्याने परत गोळा करून परत तीच करता येते. पऱ्हाटी जागेवर चिपर लावून फोडायची आणि तालुक्याच्या ठिकाणी दळायची, कारण उभ्या काड्यांनी ट्रॉली भरली तर आपण हवाच वाहून नेतो.

दुसरी जागा फिल्मचीच आहे पण दाणा बदलायचा. जो दाणा स्वतः कुजतो त्यात पावडर टाका. पीबीएटी, म्हणजे एक कुजणारं पॉलिएस्टर. दिसायला वागायला एलडीच्या जवळचा, ११०-१२० ला वितळतो, लांबतो भरपूर, एलडीच्या साध्या मशीनवर थोड्या सेटिंगने चालतो. बीएएसएफचं इकोव्हिओ म्हणजे पीबीएटी आणि पीएलए, नोव्हामोंटचं मेटर-बी म्हणजे स्टार्च आणि कुजणारं पॉलिएस्टर, सगळे याच रस्त्याने गेलेत. पीबीएटी एलडीपेक्षा बराच महाग, म्हणजे इथे १५-२० टक्के पावडर घातली तर खरंच पैसे वाचतात. एलडीत तसे वाचत नाहीत हो, ३२५ मेश दळायचा, वाळवायचा, ट्विन स्क्रूवर मारायचा, मलेइक टाकायचं, हे सगळं धरलं तर ती पावडर एलडीच्याच भावाच्या आसपास पोचते आणि कॅल्शियमचं फिलर त्याच्यापुढे किती स्वस्त आहे ते तुम्ही रोज बघताच.

आणि पीबीएटीत पावडर वेढली गेली तरी हरकत नाही, कारण वेढणारा पण कुजणाराच आहे. उलट पावडर आधी गेली की आत वाटा होतात. फक्त पाण्याची शिस्त दुप्पट, पीबीएटी आणि पीएलए दोन्ही पॉलिएस्टर, ओल्या पावडरबरोबर गरम केलं की साखळ्या तिथेच बॅरलमध्ये तुटतात, फुग्याला जीवच राहत नाही, डायमधून पाण्यासारखं पातळ बाहेर येतं.

वाईकर शेती

म्हणजे मल्चिंग पेपर असा होऊ शकतो?

सुमेधा पॉलिमर

होतो, युरोपात वापरात आहे. तिथे मल्चसाठी वेगळं मानक आहे, ईएन १७०३३, २०१८ चं, त्यात कंपोस्टच्या ढिगात नाही तर मातीत, नेहमीच्या तापमानाला, दोन वर्षात ९० टक्के जायला पाहिजे. हा फरक फार महत्त्वाचा. ५८ अंशाला कुजणारा पीएलए शेतातल्या २५-३० अंशाच्या मातीत वर्षानुवर्षं बसून राहू शकतो. म्हणून कुणी 'कंपोस्टेबल' मल्च विकायला आला तर त्याला विचारा, मातीतली चाचणी झाली आहे का.

पण तुमचा पेपर २५ मायक्रॉनचा, तिथे पावडर घालायची म्हणजे ८-१० मायक्रॉनच्या खालचा कण लागेल, ते चक्कीचं काम नाही, जेट मिल आणि एअर क्लासिफायर लागतो. मल्चला स्टार्चचाच रस्ता बरा, तो ग्लिसरीनसारखं काही घालून वितळवता येतो, कण म्हणून उरतच नाही. धाग्याच्या पावडरीची फिल्म म्हणजे ६० मायक्रॉनच्या पुढचा माल, आणि नर्सरीची पिशवी त्यात बसते.

भंगार ते दाणा

एक विनंती, ती पिशवी काढलीत तर काळी नका काढू. पीबीएटीची काळी पिशवी आणि एलडीची काळी पिशवी आमच्या वेचणाऱ्या बायकांना हाताने कळत नाही, दोन्ही एकाच ढिगात येतात आणि आमचा सगळा लॉट बिघडतो. तपकिरीच ठेवा आणि मोठ्या अक्षरात छापा.

नियमवाली

छापण्याचं निघालंय म्हणून. कंपोस्टेबल म्हणून विकायचं असेल तर आयएस/आयएसओ १७०८८ ची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आधी, छपाई नंतर. २०२४ च्या दुरुस्तीत बायोडिग्रेडेबल प्लास्टिकच्या व्याख्येत मायक्रोप्लास्टिक मागे राहता कामा नये हे स्पष्ट आलंय. म्हणजे एलडीत भुसा घालून हिरव्या पानाचं चित्र छापलं तर ते नियमात बसत नाही. दाण्याचा सप्लायर सर्टिफाइड आहे एवढ्यावर पण भागत नाही, त्यात तुम्ही स्वतः पावडर घातलीत म्हणजे तयार पिशवी नवीन वस्तू झाली, तिची चाचणी वेगळी. आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेली १२० मायक्रॉनची अट कॅरी बॅगची आहे, बरेच लोक ती सगळ्याच फिल्मला लावून मोकळे होतात, तेवढं घोळू नका.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी एलडीत पावडर घालायचा विचार सोडला. सप्लायरचं ऐकून माल काढला असता तर इथल्या नर्सरीवाल्यांना मी कुजणारी पिशवी म्हणून न कुजणारी दिली असती, आणि माझ्या गावात मला तोंड दाखवायचंय.

आता असं ठरवतोय की नर्सरीच्या पिशवीसाठी ३०० गेजच्या जवळपास, म्हणजे ७५ मायक्रॉन, पीबीएटीत १५ टक्के पऱ्हाटी, बाहेरून मास्टरबॅच करून घ्यायचं. दोन शंका आहेत. बॉटम सील धरेल का, आणि रोप नर्सरीत सहा ते आठ महिने राहतं, रोज पाणी पडतं, तोपर्यंत पिशवी टिकेल का. दळण मी इथेच शेड टाकून करणार आहे, म्हणजे गावातल्या चार पोरांना काम मिळेल.

दाणेवाला

सील धरेल पण एलडीएवढं नाही, सीलच्या जागी कण आला की तेवढी जागा चिकटत नाही, म्हणून सीलची पट्टी रुंद घ्या, तापमान हळूहळू वाढवत जा, आणि पाणी भरून टांगून बघा. बाजूने गसेट (आत दुमडलेली घडी) असेल तर कोपऱ्यात आधी फुटेल, तिथेच लक्ष द्या. झिंक स्टिअरेट इथे पण नको, बाहेर येऊन सीलवर बसतं.

टिकण्याचं खरं उत्तर नर्सरीतच मिळेल. पिशवीचा तळ ओल्या मातीवर टेकतो तिथून ती आधी जाणार. आंबा, चिकू असली वर्षभर ठेवायची कलमं त्यात लावू नका. पपई, शेवगा, भाजीपाला, दोन तीन महिन्यात शेतात जाणारी रोपं, तिथून सुरुवात करा. रोपासकट पिशवी खड्ड्यात, कापायची गरज नाही, हाच तुमचा विकायचा मुद्दा.

सुमेधा पॉलिमर

आणि मास्टरबॅचची पहिली बॅच आली की सगळी लाईनवर घालू नका. थोडा दाणा दोन टेफ्लॉन शीटमध्ये ठेवून हॉट प्रेसमध्ये दाबा, पातळ फिल्म निघते, ती खिडकीच्या उजेडाला धरा. गाठ असेल तर गडद ठिपका दिसतो, पाणी राहिलं असेल तर बारीक बुडबुडे दिसतात. छत्रपती संभाजीनगरला सिपेट (केंद्र सरकारची प्लास्टिक संस्था) आहे, तुम्हाला जवळ पडेल, तिथे डार्ट इम्पॅक्ट (वरून वजन टाकून फिल्म फुटते का बघायची) आणि फाटण्याची चाचणी करून घ्या, १५ टक्क्याला लांबण्याची क्षमता बरीच घटलेली दिसेल, ती किती घटली यावर पुढचं ठरवा. गरज पडली तर १० वर या.

कोकणातला

शेडमध्ये दळणार म्हणालात म्हणून एक अगदी काळजीने सांगतो. बारीक लाकडी धूळ हवेत उडत असली आणि ठिणगी पडली की नुसती पेटत नाही, स्फोट होतो. करवंटीच्या मिलला धूळ ओढणारा सायक्लोन आणि बॅग फिल्टर लावतात तो हौस म्हणून नाही. मिलच्या आधी लोहचुंबक ठेवा, पऱ्हाटीबरोबर खिळा, तार येतेच. मोटर आणि स्विच धूळबंद घ्या, वाशांवर बसलेली धूळ झाडून काढत जा, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. शेडमध्ये विडी काडी बंद म्हणजे बंद. आणि पोरांना चांगले मास्क द्या, रुमाल बांधून भागत नाही, ही धूळ छातीत बसते.

कापूसकोंड्या

गिरणाकाठ भाऊ, पऱ्हाटी घेताना एक बघा, बोंडं आणि साल झाडून घ्या, सालीत चिवट धागा असतो तो तुमच्या मिलच्या जाळीत गुंडाळेल. मुळं मातीसकट येतात, ती जमिनीपाशी तोडूनच घ्या, नाहीतर वाळू स्क्रूत जाईल. उपटायचे चिमटे आणि ट्रॅक्टरचं यंत्र दोन्ही मिळतं, पण कापून आणली तर तुम्हाला बरं. यंदा वेचणी संपली की इकडून चिपर मारलेला माल पाठवतो, भाव नंतर बोलू.

गिरणाकाठ

पाठवा भाऊ, गाडीभाडं माझं. सायक्लोनचं कोटेशन आजच मागवतो, ते आल्याशिवाय मिल चालू करणार नाही. चाचणीचे आकडे आले की याच चर्चेत टाकतो, पास झाले तरी आणि नाही झाले तरी.